दिवा लागला, पण चाक फिरलं का?

मंडळी, एक विधान करतो आणि शिव्या खायला मोकळा होतो. फोर-व्हील ड्राइव्ह लागत नाही म्हणून आपल्याकडे ज्या ट्रान्सफर केस खाली उतरवल्या जातात, त्यातल्या बऱ्याचशा उतरवायची काही गरज नसते. बिघाड दुसरीकडेच असतो. कधी एखाद्या नळीत, कधी एखाद्या वायरीत, कधी चाकाच्या हबमध्ये, आणि कधी कधी तर बिघाडच नसतो! तरीही गाडी गॅरेजला जाते आणि चार दिवस तिथेच पडून राहते. बिल आलं की मालक म्हणतो, "काय करणार, फोर बाय फोरचं काम म्हणजे महागच."

महाग काम आहे खरं. पण ते काम करायचं आहे की नाही हे ठरवायला अर्धा तास आणि एक जॅक पुरतो. आजचा विकांत त्या अर्ध्या तासासाठी.

आधी हे कुणासाठी लिहितोय ते सांगतो. मावळात पाऊस सुरू झाला की फोर बाय फोर गाड्या दोन तऱ्हेच्या दिसतात. एक आपली, म्हणजे हिंजवडी-खराडीच्या पार्किंगमध्ये आठवडाभर उभी असलेली आणि शनिवारी सकाळी लोणावळ्याला निघणारी. तुंगार्लीवरून राजमाचीच्या वाटेला लागायचं, उधेवाडीत पिठलं-भाकरी खायची, गाडीवरचा चिखल धुवायचा नाही, सोमवारी ऑफिसात मिरवायचा. (मीही याच जातकुळीतला, त्यामुळे चेष्टा करायचा हक्क आहे.) दुसरी तऱ्हा म्हणजे पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळातले पिकअप. दुधाचे कॅन, भाताची रोपं, सिमेंटच्या गोण्या, पॉलिहाउसमधली फुलं, लग्नाचं वऱ्हाड आणि वेळ आलीच तर आजारी माणूस, सगळं त्यातूनच जातं. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मुख्य रस्ते डांबरी झाले, पण वस्तीपासून डांबरापर्यंतचा शेवटचा टप्पा अजून बऱ्याच ठिकाणी लाल मातीचाच आहे. आपली फोर-व्हील लागली नाही तर आपला फोटो चुकतो. त्यांची लागली नाही तर दूध नासतं.

आता यंत्र. घाबरू नका, दोन परिच्छेदांत आटपतो. आपण बोलतोय ते पार्ट-टाइम फोर-व्हीलबद्दल, म्हणजे जिथे लिव्हर ओढून किंवा बटण फिरवून पुढची चाकं जोडावी लागतात. जीप, थार, जिप्सी, बोलेरो कॅम्परचं फोर-व्हील मॉडेल, व्ही-क्रॉस ही सगळी त्याच घराण्यातली. (कायम चारही चाकं ओढणाऱ्या गाड्यांचं गणित वेगळं.) इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येते. तिथून एक शाफ्ट मागे जातो आणि तो नेहमीच फिरतो. दुसरा पुढे जातो, तो तुम्ही फोर हाय किंवा फोर लो टाकल्यावरच ट्रान्सफर केसला जोडला जातो. पुढचा शाफ्ट पुढच्या डिफरन्शियलला फिरवतो आणि तिथून ताकद चाकांकडे जाते.

पण इथे मध्ये अजून एक दार आहे, आणि सगळी गंमत तिथेच आहे. १९४९ मध्ये महिंद्रांनी मुंबईत माझगावला जोडलेल्या विलीज जीपमध्ये हे दार नव्हतं. पुढची चाकं आणि आतले ॲक्सल कायम जोडलेले, त्यामुळे फोर-व्हीलची गरज नसतानाही पुढचा सगळा पसारा गरगर फिरत राहायचा. इंधन जळायचं, झीज व्हायची. मग चाकाच्या मध्यभागी हाताने फिरवायचे हब आले. लॉक केले की चाक ॲक्सलला जोडलं, फ्री केले की सुटलं. पण पावसात खाली उतरून हब फिरवायचा कंटाळा! म्हणून पुढे काही गाड्यांत ते काम व्हॅक्यूमवर किंवा छोट्या मोटरवर दिलं. काहींत हबऐवजी पुढच्या ॲक्सलचाच एक तुकडा मधून जोडता-तोडता येतो. पद्धत कुठलीही असो, पुढची चाकं ओढायला हवी असतील तर दोन दारं उघडावी लागतात, एक ट्रान्सफर केसमधलं आणि दुसरं चाकाजवळचं. एक उघडं आणि एक बंद असेल तर गाडी टू-व्हीलच.

आता डॅशबोर्डवरच्या त्या दिव्याकडे या. फोर-व्हीलचा दिवा लागला की आपल्याला वाटतं, काम झालं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. प्रोग्रॅम लॉगमध्ये लिहितो, "ईमेल यशस्वीरीत्या पाठवली". प्रत्यक्षात त्याने ईमेल फक्त पुढच्या रांगेत ढकललेली असते. पोचली की नाही हे त्याला माहीतच नसतं, कुणी विचारलेलंही नसतं. पुष्कळ गाड्यांत दिव्याचा स्विच ट्रान्सफर केसवर बसवलेला असतो. आतला दांडा सरकला की स्विच दाबला जातो आणि दिवा लागतो, एवढंच. हब लॉक झाले का, पुढचा ॲक्सल जोडला गेला का, हे त्या दिव्याच्या खात्यातच येत नाही. काही गाड्या ॲक्सल जोडला जाईपर्यंत दिवा लुकलुकत ठेवतात, त्या जरा जास्त प्रामाणिक. उलट प्रकारही होतो. स्विचच्या जोडणीत पाणी जातं, फोर-व्हील व्यवस्थित लागलेली असते, पण दिवा लागत नाही, आणि मालक गॅरेजला पळतो. आपल्या गाडीचा दिवा नक्की काय सांगतो, हे आपल्याला माहीत हवं.

अजून एक गैरसमज इथेच निकालात काढू. राजमाचीच्या वाटेवर जिथे पाण्याने खोल चर पडतात, तिथे गाडी तिरकी अडकते. पुढचं एक चाक आणि मागचं विरुद्ध बाजूचं एक चाक हलकं होतं आणि ती दोन चाकं जागच्या जागी फिरत राहतात. बाकीची दोन ढिम्म. ड्रायव्हर म्हणतो, "फोर-व्हील गेली." गेलेली नाही राव! पुढचं चाक फिरतंय म्हणजे ती लागली आहे. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. हवेत लटकलेलं चाक जोर घेतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही मिळत नाही. हा गाडीचा स्वभाव आहे. याला उपाय म्हणजे चाकाखाली दगड भरणं, वेगळी वाट धरणं किंवा डिफरन्शियल लॉक असेल तर तो लावणं. ट्रान्सफर केस खोलून इथे काहीही मिळणार नाही.

मग फोर-व्हील खरंच लागत नाही हे ओळखायचं कसं?

सपाट, कठीण जागा शोधा. बटणाची किंवा व्हॅक्यूमची गाडी असेल तर इंजिन चालू ठेवून फोर हाय टाका आणि पाच-सहा फूट सरळ पुढे-मागे करा, म्हणजे आतले दाते जुळून बसतील. (पुष्कळदा रोग एवढाच असतो. उभ्या गाडीत दात्यासमोर दाता आला की लागणार कसं?) हाताने फिरवायचे हब असतील तर दोन्ही लॉक करा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड. मग पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि आधाराला घोडी किंवा लाकडी ठोकळे लावा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, म्हणजे नाही. आता ते उचललेलं चाक हाताने फिरवून बघा.

थोडी ढिलाई सोडली तर ते फिरायला नको. फिरलं नाही तर फोर-व्हील लागलेली आहे, घरी जा. ते फिरलं, तर दुसऱ्या माणसाला बाजूने वाकून पुढच्या शाफ्टकडे बघायला सांगा. चाकाबरोबर शाफ्टही फिरत असेल तर चाकाजवळचं दार उघडलेलं आहे आणि अडचण ट्रान्सफर केसमध्ये किंवा तिच्या लिव्हर-मोटरमध्ये आहे. चाक फिरतंय आणि शाफ्ट मात्र जागच्या जागी असेल तर हब किंवा पुढच्या ॲक्सलची जोडणी लागलेली नाही. ट्रान्सफर केसला तुम्ही उगाचच दोष देत होतात.

झालं! या एका खुणेवर अर्ध्या शक्यता बाद होतात. कोडमधला बग शोधताना आपण हेच करत नाही का? मधोमध छापून बघायचं, डेटा इथपर्यंत बरोबर आलाय का. आला असेल तर पुढे शोधा, नसेल तर मागे. साडेतीन लाख ओळी पुन्हा लिहायला कुणी बसत नाही. (बसतात, पण त्यांची गोष्ट वेगळ्या विकांताला.)

याचा पडताळा मला माझ्या एका मित्राच्या घरी आला. पवना धरणाच्या बाजूला त्याचं गाव. घरी सेकंडहँड घेतलेला फोर-व्हील पिकअप, कुठल्या कंपनीचा ते महत्त्वाचं नाही. जूनचा शेवट होता, लावणीची घाई, आणि वस्तीवरून दूध आणताना गाडी दोनदा अडकली. लिव्हर पडत होता, दिवा लागत होता, पण पुढची चाकं ओढत नव्हती. गॅरेजमध्ये सांगितलं, ट्रान्सफर केस उतरवावी लागेल, चेन गेली असणार, चाळीस हजार धरून चाला.

"दिवा तर लागतोय की रे," मित्राचे वडील म्हणाले. "चेन गेली असती तर लागला असता का?"

"काका, दिवा चेनला विचारून लागत नाही," मित्र म्हणाला. "आधी चाक उचलून बघू."

काकांनी स्वतःच जॅक लावला. चाक फिरलं, शाफ्ट हलला नाही. म्हणजे ट्रान्सफर केस सुटली, आता पुढच्या ॲक्सलची जोडणी बघायची. ती व्हॅक्यूमवर चालणारी होती. बॉनेट उघडून नळ्या बघायला लागलो तेव्हा काका सहज बोलून गेले, "हल्ली ब्रेकपण जरा कडक लागतोय. म्हातारी झाली गाडी."

इथे माझ्या पोटात गोळा आला. पेट्रोल इंजिनला व्हॅक्यूम त्याच्या श्वासातून फुकट मिळतो. डिझेल इंजिनला तसा मिळत नाही, म्हणून वेगळा पंप असतो. त्या एकाच पंपावर ब्रेकचा बूस्टरही चालतो आणि अशा गाड्यांत फोर-व्हीलची जोडणीही. पंपाकडून सोलेनॉइड व्हॉल्व्हकडे जाणारी रबरी नळी उंदराने कुरतडली होती. भाताच्या कणग्यांशेजारी गाडी उभी करायची म्हटल्यावर उंदरांचं तरी काय चुकलं! तिथून हवा आत शिरत होती, ॲक्सल जोडायला जोर पुरत नव्हता आणि ब्रेकलाही कमी पडत होता. कामशेतहून मीटरभर व्हॅक्यूमची नळी आणली, दोन क्लिपा लावल्या. संध्याकाळी परत चाक उचललं, ते जागचं हललं नाही. ब्रेकचा पेडलही पहिल्यासारखा मऊ झाला.

आता उलटा विचार करा. चाळीस हजार देऊन ट्रान्सफर केस उतरवली असती, आतलं सगळं ठीक निघालं असतं, कदाचित नवी चेन बसलीही असती. फोर-व्हील तरीही लागली नसती. आणि कमजोर ब्रेक घेऊन तीच गाडी दुधाच्या कॅनसकट घाट उतरत राहिली असती. चुकीचं निदान नुसतं महाग पडत नाही, ते खरा बिघाड झाकून ठेवतं. माझा सगळा राग त्याच्यावर आहे.

हां, दरवेळी उंदीरच सापडेल असं नाही. बटणाच्या गाडीत इग्निशन देऊन, इंजिन बंद ठेवून बटण फिरवा आणि कान लावा. ट्रान्सफर केसजवळून मोटरचा घुर्र आवाज आला पाहिजे. नाही आला तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटरची जोडणी. ओढ्यातून चार वेळा गाडी घातली की तिथे हिरवी पूड जमते. बॅटरी मेलेली किंवा अर्थिंगची वायर सैल असली तरी मोटर अर्ध्यात दम सोडते. लिव्हरची गाडी असेल तर खालचे दांडे आणि त्यांचे बुश बघा. दगड लागून दांडा वाकला की वर लिव्हर पूर्ण पडल्यासारखा वाटतो आणि खाली काम पाऊणच होतं. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले आहेत का तेही बघा, नाहीतर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी भांडतात आणि लिव्हर घट्ट होतो. हब हाताचे असतील तर उघडून साफ करा. वर्षभर न फिरवलेला हब आतल्या आत घट्ट धरतो. ट्रान्सफर केसचं तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. तेल कंपनीने सांगितलेलंच घाला. काहींना जाड गिअर ऑइल लागतं, काहींना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल, आणि "सगळं सारखंच असतं" म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा.

आणि चाकाबरोबर शाफ्ट फिरला, वायरी ठीक, मोटर ठीक, दांडे ठीक, तेल ठीक, तरी लागत नाही, किंवा जोर दिला की आतून कडकड आवाज येतो, तर मग चेन किंवा फोर्क गेला असेल. तेव्हा जरूर उतरवा ट्रान्सफर केस, मी अडवत नाही.

इथे कुणी म्हणेल, मेकॅनिक लुटतात. मला तसं वाटत नाही. आपण मेकॅनिकला पैसे कशाचे देतो ते बघा. पार्टचे देतो, आणि खोलण्या-जोडण्याच्या मजुरीचे देतो. तासभर डोकं चालवून त्याने सांगितलं की "नळी फाटली होती, बदलली," तर आपण म्हणतो, "नळीचे एवढे पैसे?" ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत ते काम कोण करेल? हिंजवडीत आम्ही लोक नुसता बग कुठे आहे हे शोधायला दोन-दोन दिवस लावतो आणि त्याचं बिल ग्राहकाला तासावर लागतं, तेही डॉलरमध्ये. कामशेतच्या मेकॅनिकने तेवढंच केलं तर आपण घासाघीस करतो. गाडी देतानाच स्पष्ट सांगावं: आधी शोध, शोधायचे वेगळे पैसे देतो, खोलायचं की नाही ते मग बोलू. मी हे दोन गॅरेजांत करून पाहिलंय. एकाने विचित्र नजरेने बघितलं. दुसऱ्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि तपासणी माझ्यासमोर केली.

कंपन्यांकडेही एक मागणी आहे. मित्राच्या पिकअपबरोबर जे मॅन्युअल आलं होतं ते जाडजूड, इंग्रजीत, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून बहुधा कधी बाहेर न आलेलं. ज्या माणसाला रात्री चिखलात त्याची गरज पडते तो मराठी वाचतो. चाक उचलून बघायची ही चाचणी मराठीत एका पानावर, चित्रासकट, सन व्हायझरच्या मागे चिकटवायला किती खर्च येईल? सीटबेल्टचे आणि एअरबॅगचे इशारे चिकटवतातच की तिथे.

आणि आपण शनिवार-रविवारवाल्यांनी फोर-व्हील महिन्यातून एकदा तरी लावावी. मातीच्या किंवा मुरमाच्या रस्त्यावर, दोन-तीन किलोमीटर, सरळ. तेल सगळीकडे फिरतं, दांडे जाम होत नाहीत, आणि बिघाड असलाच तर तो मे महिन्यात घराजवळ कळतो. नाहीतर जुलैत वळवण धरणापलीकडे, मोबाइलला रेंज नसताना कळतो. चाक उचलायची चाचणीही मे महिन्यातच करून टाका. जॅकखाली जाड फळी ठेवा. मुरूम कितीही घट्ट दिसला तरी जॅकच्या पायाखाली दबतो.

ता. क. : परत डांबरावर आलात की टू हायवर या. कोरड्या डांबरावर फोर-व्हील ठेवून वळलं की गाडी आखडते, आतल्या भागांवर ताण चढतो आणि लिव्हर निघता निघत नाही, दिवाही विझत नाही. अशा वेळी लिव्हरशी कुस्ती खेळू नका. गाडी दहा-पंधरा फूट सरळ रिव्हर्स घ्या आणि मग हलकेच ओढा. हाताचे हब असतील तर खाली उतरून दोन्ही फ्री करा. एकच फ्री करून दुसरा विसरलेले महाभाग मी पाहिलेत.